कप्तानिणीची आतली खोली

तिला कप्तानीण कोणी म्हणायला सुरुवात केली ते आता कुणालाच आठवत नाही. बहुतेक तळमजल्यावरच्या शिंप्याने केली असावी. त्याच्या जिभेला हाड नव्हतं आणि इमारतीतल्या प्रत्येकाला त्याने काही ना काही नाव चिकटवलंच होतं. खरं तर कप्तान कुठल्या मजल्यावर बसतो हेसुद्धा तिने लांबूनच पाहिलेलं. मोठ्या प्रवासी बोटींवर खोल्या आवरायच्या, हे तिचं काम. लोक हौसेने समुद्रावर सहलीला येत, आणि त्यांनी विस्कटलेल्या चादरी ही ताठ करी. ऐन उमेदीची सगळी वर्षं तिने याच कामात घातली.

नोकरी सोडून ती कायमची घरी आली, तेव्हा मात्र तिचा भाव वधारला. कारण तोवर बोटीची सहल ही बड्या लोकांची गोष्ट राहिली नव्हती. बँकेतला कारकूनसुद्धा बायकोला घेऊन पाच दिवस समुद्रावर जाऊन यायला लागला होता. आणि निघण्याआधी ही सगळी मंडळी कप्तानिणीच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. ती चहा ठेवायची आणि सुरू व्हायची.

"खोली आतली घ्या. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची. बोट हलते ती टोकांना आणि वर. मध्ये तुमच्या पोटातलं पाणी हलणार नाही. खिडकीसाठी दुप्पट पैसे मोजतात ती माणसं मला कळतच नाहीत. खोलीत झोपायचंच तर असतं ना? समुद्र वर गच्चीवर आहे. फुकट आहे."

मग एकेक बाहेर पडायचं. फोन विमानातल्यासारखा बंद करून ठेवा, नाहीतर बिल बघून घरी आल्यावर ताप येईल. पाण्याची बाटली घरून न्या आणि वरच्या जेवणघरात भरून घ्या. फोटोवाला पहिल्याच दिवशी गळ्यात पडेल, त्याच्याकडे बघून हसा आणि पुढे चला. बंदर आलं की बोटवाले गाव दाखवायची सहल विकतात, ती घेऊ नका, फाटकाबाहेर चालत जा, गावची बस उभीच असते. आणि गाव बघायचं नसेल तर त्या दिवशी पोहायच्या तलावावर जा, सगळे खाली उतरलेले असतात, अख्खा तलाव तुमच्या बापाचा. ऐकणारे हसायचे. शेवटी ती एक गोष्ट जरा आवाज उतरवून सांगायची, की खोली आवरणाऱ्या बाईच्या हातात जे ठेवायचं ते पहिल्याच दिवशी ठेवा. शेवटच्या दिवशी निम्मे लोक विसरतात.

एवढं सगळं जाणणाऱ्या या बाईने प्रवासी म्हणून बोटीवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. ठेवायचं होतं ते एकदाच, आणि लेकीला घेऊन.

लेक चालायला लागली होती नि नव्हती, तेव्हा कप्तानिणीचा नवरा अपघातात गेला. पोट कसं भरायचं हा प्रश्न होताच. कुणीतरी बोटीवरच्या कामाचं सुचवलं, आणि थोरल्या बहिणीने पोर सांभाळायचं कबूल केलं. ताई टपाल कचेरीत होती, एकटी होती, आणि पोरीवर तिचा जीव होता. कप्तानीण आठ-नऊ महिने समुद्रावर आणि मग थोडे आठवडे घरी, अशी वर्षं गेली. घरी आली की पोर पहिले दोन दिवस ताईच्या मागे लपायची, मग हळूहळू जवळ यायची, आणि पुरती जवळ आली की हिची निघायची वेळ झालेली असायची.

पोरीने तिचा राग राग केला असता तर एक वेळ परवडलं असतं. पण तसं काही नव्हतं. ती आईशी नीट बोलायची, विचारलं तर सगळं सांगायची, वाढदिवसाला भेट द्यायची. पाहुण्यांशी वागावं तसं वागायची. ताप चढला, दार बोटावर आपटलं, परीक्षेचा निकाल लागला, की तोंडातून शब्द यायचा तो "मावशी". ताई गेली त्या दिवशी लेक रडली ती दाराच्या चौकटीला धरून, आणि आई दोन हात अंतरावर उभी होती. तिला जवळ घ्यावं की नाही हे कप्तानिणीला कळेना. त्यानंतर दोघी एका घरात राहिल्या, एकीने भाजी चिरायची, एकीने भांडी लावायची, कुठे आवाज नाही की कुरकुर नाही. दोन भाडेकरू राहावेत तशा.

मग लेकीचं लग्न झालं. जावई दूरच्या देशात नोकरीला होता, तो पुढे गेला आणि हिचाही व्हिसा आला. जायला महिना राहिला तेव्हा कप्तानीण दिवस मोजायला लागली. ही एकदा गेली की गेली, हे तिला दिसत होतं. मग फोन येतील, नीट, शहाण्यासारखे, दर आठवड्याला. तिला ते नको होतं. लेक एकदा, फक्त एकदा, आपली व्हावी आणि मग कुठेही जावी, एवढंच तिचं मागणं होतं. म्हणून तिने साठवलेल्यातून बोटीची पाच दिवसांची सहल ठरवली.

"माझी बोट दाखवते तुला," ती म्हणाली.

लेकीने वर बघितलं. "खरंच? तुझी खोलीही बघायला मिळेल?"

"नोकरांच्या मजल्यावर कुणाला सोडत नाहीत गं. पण आपली खोली तशीच असेल की."

हे ती सहज बोलून गेली. लेकीच्या चेहऱ्यावर काय आलं, ते तिने बघितलं, पण त्याचा अर्थ तिने चुकीचा लावला.

आता इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. पोर चार-पाच वर्षांची असताना कप्तानीण एका बंदरातल्या फोनवरून घरी बोलत होती. मागे रांग लागलेली, मागचा माणूस घड्याळ दाखवतोय, आणि पोर विचारतेय, "आई, तुझ्या खोलीला खिडकी आहे?" ही म्हणाली, आहे. "कशी आहे?" गोल आहे, ही म्हणाली. "मग त्यातून मी दिसते?" आता काय सांगणार? ही म्हणाली, "गच्चीवर जाऊन हात कर, दिसशील." झालं. त्या दिवसापासून पोर रोज संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी मावशीचं बोट धरून गच्चीवर जायची, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर चढायची आणि सूर्य बुडतो त्या दिशेला हात करायची. समुद्र त्या गावापासून आगगाडीने एका रात्रीच्या अंतरावर होता. पुढच्या फोनवर ती विचारायची, "दिसला का हात?" आणि ही सांगायची, "दिसला की. लाल स्वेटर छान दिसत होता." काही वर्षांनी हे आपोआप थांबलं. पोर मोठी झाली, विसरली, असं कप्तानीण समजून चालली. तीसुद्धा विसरली होती.

बोटीवर पहिल्या दिवशी ती कुणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. सगळे समोरच्या जेवणघरात तुटून पडले असताना तिने लेकीला मागच्या बाजूच्या जिन्याने वर नेलं, तिथे रिकामी टेबलं आणि गरम पाव. फोटोवाल्याला तिने असं काही हसून टाळलं की लेकीलाही हसू आलं. लेक हसली म्हणून तिला आकाश ठेंगणं झालं. मग ती मोठ्या दिमाखात खोलीकडे निघाली. खालचा मजला, बरोब्बर मधोमध, हीच खोली मिळावी म्हणून तिने बुकिंगवाल्याचं डोकं खाल्लं होतं.

दार उघडलं आणि लेक उंबऱ्यातच थांबली. दोन पलंग, एक आरसा, एक कपाट. चारी बाजूंनी भिंती.

"खिडकी?" ती म्हणाली.

"अगं, आतली खोली आहे ही. बोटीवरची सगळ्यात शांत. एकदा दिवा मालवला की अशी झोप लागते, दुपार झाली तरी कळत नाही." मग लेकीचा चेहरा उतरलेला बघून तिने टीव्ही लावला. बोटीच्या नाकाडावर एक कॅमेरा असतो, त्याला जे दिसतं ते एका वाहिनीवर दिवसभर दाखवत असतात. आवाज बंद करून ही वाहिनी लावून ठेवायची, ही कप्तानिणीची खास युक्ती. इमारतीत सगळ्यांना तिने ती शिकवली होती. "घे. ही तुझी खिडकी. एक पैसा पडत नाही."

पडद्यावर करडा समुद्र होता आणि मधूनच उडणारं पाणी. लेक पलंगाच्या कडेवर बसून ते बघत राहिली. "छान आहे," ती म्हणाली. पाहुण्यांना म्हणतात तसंच म्हणाली, आणि हे कप्तानिणीला कळलं, पण का ते कळलं नाही.

पुढचे दोन दिवस तिने जिवाचा आटापिटा केला. बंदरात फाटकाबाहेर चालत जाऊन बस पकडली, बोटीच्या सहलीवाल्यांच्या आधी दोघी तिथल्या किल्ल्यावर पोचल्या. सगळे उतरले त्या दुपारी अख्ख्या तलावात त्या दोघीच होत्या. लेक पाठीवर तरंगत होती आणि कप्तानीण काठावर पाय सोडून बसली होती. ज्या पाण्याच्या काठचे ओले टॉवेल तिने वर्षानुवर्षं उचलले, त्याच पाण्यात तिची पोर होती. तिला इतकं बरं वाटलं की तिने तोंड फिरवून डोळे पुसले. खोलीत परत आल्यावर लेकीने टीव्हीवर बघितलं, कॅमेऱ्यात धक्क्याची कड आणि दोरांची वेटोळी दिसत होती, आणि गावातून परतणारी माणसं मुंगीएवढी.

"इथून माणसं दिसतात," ती म्हणाली.

"सगळं दिसतं. म्हणून तर सांगते, खिडकी कशाला?"

घात झाला तो तिसऱ्या दिवशी सकाळी, आणि तोही कुणाच्या मनात काही नसताना. खोली आवरायला येणारी मुलगी तरणीताठी होती, हसरी होती. कप्तानिणीने पहिल्याच दिवशी तिच्या हातात पैसे ठेवले होते आणि दोघींचं जमलं होतं. खरं म्हणजे त्या मुलीला आवरायला काही उरतच नसे. कप्तानीण तिच्या आधी उठून पलंग लावून मोकळी. मुलगी चादरीचे कोपरे बघून म्हणाली, "मावशी, तुम्ही आमच्यातल्याच. माझं काम कशाला करता?" त्यावर गप्पा सुरू झाल्या. तेव्हा लेकीने सहज विचारलं, "तुमच्या खोलीला खिडकी आहे का हो? गोल?"

मुलगी खळखळून हसली. "आम्हाला कुठली खिडकी, ताई. आम्ही पाण्याच्या खाली झोपतो. एकावर एक दोन पलंग आणि मध्ये पडदा. खोल्या आवरणाऱ्यांना खिडकी कुठल्याच बोटीवर नसते. विचारा ना तुमच्या आईंना."

मुलगी टॉवेल ठेवून गेली.  लेक बोलली ती टीव्हीकडे बघत.

"तुझ्या खोलीला गोल खिडकी होती."

 खोटं बोलायला अजून जागा होती, निदान कप्तानिणीला तसं एक क्षण वाटलं. "प्रवाशांच्या खोल्यांना होती," ती म्हणाली. "मी रोज पुसायचे ती."

"मग संध्याकाळी तू कुठून बघायचीस?"

"बाळा, तू लहान होतीस. मागे रांग होती, आणि तू विचारलंस."

"संध्याकाळी, आई. मी गच्चीवर असायचे तेव्हा. तू काय करत असायचीस?"

कप्तानिणीने हात मांडीवर ठेवले. "दिवे लागले की आमची दुसरी फेरी असायची. लोक जेवायला गेले की अंथरुणं उघडून ठेवायची. पडदे ओढायचे."

"खिडक्यांचे."

"हो."

"म्हणजे मी हात करायचे तेव्हा तू पडदे ओढत होतीस."

 लेकीचा आवाज चढला नव्हता, तो कधी चढायचाच नाही. "आणि लाल स्वेटर? तो कसा कळला तुला?"

"ताई फोनवर आधी सांगायची. काय घातलंस, केस कसे बांधलेत."

"म्हणजे मावशीलाही माहीत होतं," लेक म्हणाली, आणि तेव्हा मात्र तिचा चेहरा पिळवटला. आईचं खोटं तिने एक वेळ गिळलं असतं. पण तिच्या हाताला धरून रोज गच्चीवर नेणारी, कठड्यावर चढवून "कर हात" म्हणणारी मावशी, तीही त्यात होती. कप्तानिणीला वाटलं, आपण ताईलाही हिच्यापासून तोडलं. एकच तर माणूस होतं तिचं.

"मी ताप असतानासुद्धा जायचे," लेक म्हणाली. "आज नाही गेलं तर तू खिडकीत वाट बघत बसशील म्हणून."

कप्तानीण उठली आणि तडक बोटीच्या कचेरीच्या काउंटरवर गेली. खिडकीची खोली हवी म्हणाली. काउंटरवरचा माणूस दर सांगायला लागला तसं तिने त्याला मध्येच थांबवलं, दर विचारलाच नाहीये, ती म्हणाली, खोली द्या. आयुष्यात पहिल्यांदा ही बाई घासाघीस न करता पैसे द्यायला उभी होती. त्याने यंत्रात बघितलं, पुन्हा बघितलं. स्वस्ताईचे दिवस होते, बोट खच्चून भरलेली. खिडकीच्या सगळ्या खोल्या गेल्या होत्या. "पुढच्या वेळी आधी बुक करा, बाई," तो चांगुलपणानेच म्हणाला. पुढची वेळ कुठली आली होती? ती कठड्याला धरून जिना उतरली. खोलीत लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि टीव्हीवर समुद्र चालला होता.

उरलेले दिवस नीट गेले. फार नीट. लेक तिच्याबरोबर जेवली, गाणी ऐकायला बसली, तिच्यासाठी वरून चहा घेऊन आली. रागाचा एक शब्द नाही. कप्तानिणीने दोनदा "माझं चुकलं" म्हणायला तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा लेकीने हळूच दुसरं काहीतरी काढलं. रात्री न्हाणीघरातला दिवा लेक लावून ठेवायची. तिला मिट्ट अंधारात झोप येत नाही, हे कप्तानिणीला तोवर माहीतच नव्हतं.

शेवटच्या सकाळी बोट आपल्या बंदराला लागली. अशा वेळी घाई करायची नाही, जिन्यावर रेटारेटी असते, सगळ्यांना उतरू द्यायचं आणि मग आरामात निघायचं, हा कप्तानिणीचा शेवटचा सल्ला. पण लेक म्हणाली, "मी पुढे होते. तू ये सावकाश." दारात ती थांबली. टीव्हीकडे तिने एकदा बघितलं, त्यात धक्का दिसत होता आणि पिवळ्या पट्ट्यावरून चालणारे लोक. मग आईकडे बघितलं आणि ती गेली.

कप्तानीण रिकाम्या खोलीत उभी राहिली. काय करावं ते सुचेना, आणि सुचत नसलं की तिचे हात आपले आपण चालायचे. आधी टीव्ही बंद केला, कुणी बघत नसताना चालू कशाला? मग उशांचे अभ्रे काढले. चादरी ओढून काढल्या, एकीत दुसरी घालून गाठोडं बांधलं, दारापाशी ठेवलं. त्या मुलीला आज अशा कितीतरी खोल्या करायच्या असणार. कपाटं उघडून बघितली, पलंगाखाली वाकून बघितलं. लेकीचा एक केस आरशापाशी होता, तो तिने उचलला आणि टाकवेना म्हणून रुमालात ठेवला. मग पिशवी उचलून ती खाली उतरली. बोट बरीचशी रिकामी झाली होती.

लेक धक्क्यावर सामानाच्या जागी नव्हती. बाहेरच्या दारापाशीही नव्हती. कप्तानीण घाबरली. मग तिला ती दिसली, पार पुढे, बोटीच्या नाकाडासमोर, दोरांच्या वेटोळ्यांजवळ, पिवळ्या पट्ट्यावर. एकटीच. तिने लाल ओढणी डोक्याभोवती घेतली होती. ती आईची वाट बघत नव्हती, वर बघत होती. वर केलेला हात ती खाली आणत असताना कप्तानिणीने तिला पाहिलं.

ती जवळ गेली. लेकीचे गाल उन्हाने तापले होते. लहानपणी पहिले दोन दिवस लपून तिसऱ्या दिवशी जवळ यायची, तसा चेहरा होता. इतक्या वर्षांत कप्तानिणीने तो पाहिला नव्हता.

"दिसला का हात?" लेकीने विचारलं.

कप्तानिणीने वर पाहिलं. तिथे कॅमेरा होता, डबीएवढा. बंद केलेला टीव्ही तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि दारापाशी बांधून ठेवलेलं गाठोडं. "दिसला" हा शब्द तिच्या तोंडात तयार होता. इतकी वर्षं तोच तर देत आली होती. लाल ओढणी छान दिसत होती, एवढं म्हटलं की झालं असतं. तिने लेकीकडे बघितलं आणि तिला ते जमेना.

"नाही गं," ती म्हणाली. "मी टीव्ही बंद केला होता. चादरी काढत होते."

लेकीने मान हलवली. ओढणी सोडवून तिने खांद्यावर घेतली.

"बराच वेळ उभी होते मी," ती म्हणाली.

कप्तानिणीला रडू आवरलं नाही. लेकीने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या दंडाला धरून तिला लोकांच्या वाटेतून बाजूला केलं, म्हाताऱ्या माणसाला करतात तसं. दोघी फाटकाबाहेर आल्या. टॅक्स्यांची रांग होती. टॅक्सी करू या, कप्तानीण म्हणाली, स्टेशनपर्यंत जाऊ, दोघीच.

"कशाला उगाच?" लेक म्हणाली. "बस आहे ना. तूच शिकवलंस."